साठीनंतर घर बदललं, सात महिन्यांचा अनुभव

नवीन घरात येऊन सात महिने पूर्ण झाले म्हणून आता लिहितेय, पहिल्या महिन्यात लिहिलं असतं तर नुसतं कौतुक झालं असतं आणि तिसऱ्या महिन्यात नुसती रड. मी ६४, आमचे हे ६९. दोघंही हिंडतेफिरते आहोत, हे बॅडमिंटन खेळतात, मी पोहते आणि आठवड्यातून दोनदा मुलांना गणित शिकवायला जाते. त्यामुळे सगळ्यांचा एकच प्रश्न होता की तुम्हाला काय झालंय, आत्ता कशाला घर बदलताय. अहो पण धडधाकट आहोत म्हणूनच आत्ता! वीस घरं बघायला, खोकी भरायला, अनोळखी माणसांत जाऊन ओळखी काढायला अंगात ताकद लागते. सासूबाई पडल्या तेव्हा पंधरा दिवसांत त्यांचं घर आवरावं लागलं, कुठे राहायचं हे त्यांना कोणी नीट विचारलंसुद्धा नाही, आणि ते शेवटपर्यंत त्यांच्या मनात राहिलं. ते मी जवळून बघितलंय.

आधी आम्हाला आवडलं होतं ते घर वस्तीपासून लांब होतं. समोर डोंगर, मागे बाग, शांतता. टोकन द्यायच्या बेतात होतो आणि आदल्या रात्री माझ्या डोक्यात आलं की मी गाडी चालवत नाही, हे चालवतात. यांना काही झालं तर मी तिथून दुधाची पिशवी आणायलासुद्धा बाहेर पडू शकणार नाही. सकाळी यांना म्हटलं, यापुढे प्रत्येक घर बघताना एवढंच विचारूया, तुमच्याशिवाय मी इथे राहू शकेन का आणि माझ्याशिवाय तुम्ही? यांनी दोन दिवस विषयच काढला नाही. बोलायला जड जातंच ते. पण मग तिसऱ्या दिवशी स्वतःच वही घेऊन बसले, आणि यादीतली अर्ध्याच्या वर घरं त्या एका प्रश्नावर कटाप झाली.

जो भाग आवडला तिथे आधी दीड महिना भाड्याने राहिलो, हे सगळ्यात बेस्ट केलं असं मला अजून वाटतं. घर बघायला आपण जातो सुट्टीच्या दिवशी दुपारी, तेव्हा सगळंच छान दिसतं. आम्ही पहाटे चाललो, रात्री नऊला चाललो, पावसात चाललो, दोन्ही हातात सामानाच्या पिशव्या घेऊन चाललो. फुटपाथ कुठे तुटतो, दिवा कुठे नाही, मध्ये टेकायला बाक आहे का, हे असंच कळतं. रस्ता ओलांडायचे सिग्नल बऱ्याच ठिकाणी सेकंदाला साधारण १.२ मीटर चालणारा माणूस धरून लावलेले असतात, म्हणजे १२ मीटरचा रस्ता १० सेकंदात पार व्हायला हवा. आज आम्हाला जमतं, गुडघा धरला की नाही जमणार, म्हणून मध्ये थांबायला दुभाजकावर नीट जागा आहे का तेही बघितलं. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते आणि पासष्टीपुढे त्यात आठवड्यातून निदान तीन दिवस तोल सांभाळायचे आणि ताकदीचे व्यायामही. त्यातलं चालणं इथे वेगळं करावंच लागत नाही, भाजी, लायब्ररी, तलाव असं करत होऊन जातं.

हॉस्पिटल किती किलोमीटरवर एवढंच विचारून थांबू नका. आम्ही विचारलं की रात्री सीटी स्कॅन होतो का, कारण लकवा आला तर गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं आणि त्याआधी स्कॅन लागतो. जवळचं होतं तिथे रात्री सोय नव्हती, थोडं लांबचं होतं तिथे होती.

आता घरातलं. बाथरूमवर आम्ही सगळ्यात जास्त खर्च केला आणि एका पैशाचाही पश्चात्ताप नाही. दार आत उघडायचं ते बाहेर उघडणारं करून घेतलं, कारण आत कोणी पडलं आणि अंग दाराला आडवं आलं तर बाहेरून दार ढकलता येत नाही. धरायचे दांडे टॉवेलच्या दांड्यासारखे लावून चालत नाहीत, अख्ख्या माणसाचं वजन पेललं पाहिजे, म्हणजे भिंत भरीव हवी, पोकळ पार्टिशन असेल तर आत आधार देऊन मग बसवायचे. आम्ही जमिनीपासून ८५ सेंटिमीटरवर लावले, पण त्याआधी दोघांनीही तिथे उभं राहून हात कुठे सहज जातो ते बघितलं. दारं उघडल्यावर मोकळी जागा ८० सेंटिमीटरच्या वर मिळते. आणि दिवे! साठीच्या डोळ्यात विशीतल्या डोळ्याच्या जेमतेम एक तृतीयांश उजेड पोचतो म्हणतात, त्यामुळे पलंगापासून बाथरूमपर्यंत खाली माणूस उठला की आपोआप लागणारे छोटे दिवे लावलेत. लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावतं का तेही टेप घेऊन मोजलं, दाखवायला आलेला मुलगा बघतच राहिला, पण स्ट्रेचर २ मीटरच्या आसपास लांब असतं, उभं करून नेता येत नाही माणसाला.

हे सगळं कधीतरी म्हातारपणी लागेल असं धरलं होतं, लागलं चौथ्या महिन्यात. बॅडमिंटन खेळताना यांचा घोटा मोडला, सहा आठवडे प्लॅस्टर, गाडी बंद. जुन्या घरात बेडरूम वर होती, तिथे काय केलं असतं विचार करवत नाही. इथे मी सगळं पायी केलं, हे वॉकर घेऊन स्वतः आंघोळीला जात होते, शिकवायला जाणंसुद्धा माझं एकदाही चुकलं नाही. त्या सहा आठवड्यांत यांनी तीनदा म्हटलं की तो प्रश्न विचारलास ते बरं झालं.

चुकलं तेही सांगते. बेडरूमच्या खाली पार्किंगचं लोखंडी गेट आहे, भाड्याने राहिलो ते दुसऱ्या बिल्डिंगमध्ये त्यामुळे हे कळलंच नाही, पहाटे पाचला धाडकन आवाज. रबर लावून घेतलं, कमी झालाय, गेला नाही. हे घर फायनल करण्याआधी एक रात्र तिथे झोपायला मागायला हवं होतं. दुसरं, मुलं येतील म्हणून एक मोठी खोली ठेवली, सात महिन्यांत ती नऊ दिवस वापरली. आता तिथे माझं टेबल आणि यांची लाकूडकामाची हत्यारं आलीत. तिसरं म्हणजे सामान. आवरायला निदान सहा महिने आधी सुरुवात करा आणि मुलांच्या खोक्यांना तारीख द्या, आम्ही दिली नाही, ती खोकी इथेही आमच्यासोबत आली.

कागदपत्रांचं थोडक्यात. घर दोघांच्या नावावर, दर महिन्याचा मेंटेनन्स मागच्या तीन वर्षांत कसा वाढला ते लेखी मागा, आणि एकाचंच पेन्शन उरलं तर तो झेपेल का हे आत्ताच मांडून बघा.

माणसांचं मात्र टेपने मोजता येत नाही. पहिले तीन महिने मला फार एकटं वाटलं, जुन्या घराची बाग आठवून रात्री रडलेय मी. नुसत्या नमस्कारावर ओळख होत नाही, रोज त्याच वेळेला त्याच जागी दिसत राहावं लागतं. तलावावर सकाळी सातच्या बॅचला सतत गेले तेव्हा कुठे चौथ्या महिन्यात एकीने विचारलं की काल का नाही आलात. यांच्या प्लॅस्टरच्या काळात त्याच बायका आळीपाळीने चौकशीला येत होत्या.

आता फक्त बाल्कनीचा उंबरा राहिलाय, ४ सेंटिमीटर, घेताना नगण्य वाटला होता आणि वॉकर रोज तिथेच अडायचा. बारास एक उताराने, म्हणजे उंचीच्या बारापट लांबी धरून, ४८ सेंटिमीटर लांबीची उतरती पट्टी लागते. प्लॅस्टर सुटलंय तरी माप देऊन आलोय, सोमवारी बसेल, मग माझ्या कुंड्याही तिकडेच हलवणार.