तीस हजारांत ५५ इंच की ४३? वाकडचा टीव्ही आणि नारायण पेठेतला टीव्ही

आमच्या कुटुंबात साधारण एकाच बजेटचे दोन टीव्ही आहेत. एक पुण्यात वाकडला माझ्या हॉलमध्ये: ५५ इंची, २०२४ च्या दिवाळीत ऑनलाइन सेलमधून ३२,००० ला घेतलेला. कंपनीचं नाव सांगितलं की बाबा अजूनही विचारतात, "कुठली म्हणालास?" दुसरा नारायण पेठेत आईबाबांकडे: ४३ इंची, नावाजलेल्या कंपनीचा, २०२५ च्या दसऱ्याला पेठेतल्याच दुकानातून २७,५०० ला. दोन्ही फोरके, म्हणजे खूप बारीक ठिपक्यांच्या पडद्याचे, दोन्ही स्मार्ट. "तीसेक हजार आहेत, काय घेऊ?" असं विचारणारा भेटला की मी त्याला या दोन टीव्हींची गोष्ट सांगतो, कारण दुसरा घेताना पहिल्याच्या चुका हाताशी होत्या.

आधी किमतीचं. माझ्या वेळी ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवर २८ टक्के जीएसटी होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो १८ झाला. म्हणजे मी भरलेल्या ३२,००० मध्ये टीव्ही होता २५,००० चा आणि उरलेले सात हजार कर. तोच आज २९,५०० ला पडला असता. अडीच हजार गेले, पण टीव्ही स्वस्त होईल म्हणून वाट बघत बसलं की तो कधीच घेतला जात नाही, हेही खरं. ३२ इंच आणि त्याखालच्यांवर आधीपासूनच १८ टक्के होता, त्यामुळे बेडरूमसाठी छोटा घेणाऱ्याला यात काही फरक पडलेला नाही.

आता मोजमाप. ५५ इंच हा आकडा तिरका, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. प्रत्यक्षात रुंदी सुमारे १२२ सेंमी, म्हणजे चार फूट. ४३ ची ९५ सेंमी, तीन फुटांहून जरा जास्त. आकड्यात बाराचाच फरक दिसतो, पण पडद्याचं क्षेत्रफळ जवळजवळ ६४ टक्क्यांनी वाढतं. दुकानात हे कळत नाही, कारण तिथे शेजारी ७५ इंची लावलेला असतो आणि त्याच्यापुढे ५५ बिचारा वाटतो. घरी आणला की भिंत खाऊन टाकतो. आम्ही वर्तमानपत्राची पानं चिकटवून भिंतीवर चौकोन केला होता आणि दोन दिवस तसाच ठेवला होता. हा पाहुण्यांना विचित्र वाटणारा पण फुकटचा उपाय आहे, नक्की करा.

नारायण पेठेत प्रश्न भिंतीचा नव्हताच. तिथे सुताराकडून करून घेतलेलं सागवानी शोकेस आहे, २९ इंची डबा टीव्हीच्या काळातलं. त्यातला कप्पा १०१ सेंमी रुंद. ४३ इंची आत गेला आणि दोन्ही बाजूंना दोन-तीन बोटं हवा खेळायला उरली. ५० इंची १११ सेंमीचा, म्हणजे शोकेस तोडा. बाबांनी त्या क्षणी विषय संपवला. अंतराच्या हिशेबातही ४३ बरोबर बसला: फोरके पडदा तिरक्या मापाच्या दीडपट अंतरावरून छान दिसतो, म्हणजे ४३ ला साडेपाच फूट, ५५ ला सातच्या आसपास. बाबांची आरामखुर्ची सहा फुटांवर आहे, माझा सोफा साडेआठवर. टेबलावर ठेवणार असाल तर आणखी एक गोष्ट मोजा: पायांमधलं अंतर. हल्ली पाय दोन टोकांना असतात. ५५ इंची घेऊन आलेल्या माझ्या एका शेजाऱ्याचा टीव्ही दोन दिवस सोफ्यावर बसून होता, कारण टेबल तीन फुटांचं.

आता मूळ मुद्दा. तीस हजारांच्या टीव्हीत सगळं चांगलं मिळत नाही, कुठेतरी काट मारलेलीच असते. ती काट कुठे आहे आणि ती नंतर भरून काढता येते का, एवढंच बघायचं. आवाज भरून काढता येतो. सॉफ्टवेअर भरून काढता येतं. पॅनल, म्हणजे चित्र उमटतं तो पडदा, नाही, माप नाही आणि कंपनीचा सर्व्हिस सेंटरवाला तर अजिबात नाही.

पॅनलपासून सुरू करतो, कारण आमच्याकडे सगळं तिथेच ठरलं. आई टीव्ही समोरून बघतच नाही. ती स्वयंपाकघराच्या दारात पाटावर बसून मेथी निवडत, लसूण सोलत मालिका बघते, पडद्याच्या पार बाजूला. माझा वाकडचा टीव्ही समोरून झकास आहे. रात्री दिवे बंद करून सिनेमा लावला की काळा रंग खरोखर काळा दिसतो. पण बाजूला सरकलात की चेहरे धुतल्यासारखे फिके होतात. हा व्हीए पॅनलचा स्वभाव: काळ्या-पांढऱ्यातला फरक मोठा, साधारण तीन हजारास एक आणि त्याहून जास्त, पण कोन अरुंद. आयपीएस पॅनल याच्या उलट. बाजूनेही रंग टिकतात, पण फरक हजारास एकच्या आसपास, म्हणून अंधारातला काळा करडा दिसतो. बॉक्सवर हे बहुतेक वेळा लिहिलेलंच नसतं आणि विक्रेत्याला विचारलं तर तो "सर, फोरके आहे" असं उत्तर देतो. दिवसाढवळ्या, ट्यूबलाइट लावून, चारही दिशांनी माणसं बसून बघणार असतील तर आयपीएस. एकटेदुकटे समोर बसून रात्री बघणार असाल तर व्हीए. आईसाठी पहिला, माझ्यासाठी दुसरा. हा निर्णय कंपनीच्या नावापेक्षा मोठा आहे असं माझं मत.

क्यूएलईडी हा शब्द वाचून हरखू नका. तोही एलईडीच, मागे दिवा असलेला एलसीडी. फक्त मध्ये क्वांटम डॉटचा थर असल्याने रंग जास्त भरीव येतात. ओएलईडीमध्ये प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो, तो या बजेटचा विषयच नाही. एचडीआरचंही, म्हणजे उजळ आणि गडद भाग जास्त ठळक दाखवणाऱ्या चित्राचंही, तसंच. सिग्नल टीव्ही स्वीकारतो हे खरं, पण त्यासाठी लागणारा उजेड स्वस्त पॅनलकडे नसतो. निट हे उजेडाचं माप; या वर्गातले टीव्ही बहुधा २५० ते ३५० निट्सचे, आणि एचडीआर सिनेमे हजार निट्स धरून बनवलेले असतात. स्टिकर आहे, आनंद आहे.

मग फोरके तरी कशाला? डीटीएचवर बघणार असाल तर प्रामाणिकपणे सांगतो, फारसं कशालाच नाही. साध्या एसडी चॅनलमध्ये ५७६ रेषा असतात, टीव्हीच्या २१६०. उरलेल्या टीव्ही मनाने भरतो. माझ्याकडे एसडी चॅनल लावलं की बातम्या देणाऱ्याचा चेहरा पाण्यात बुडवून काढल्यासारखा दिसतो. आईबाबांच्या ४३ वर तेच चॅनल सुसह्य वाटतं, कारण पडदा लहान. म्हणून टीव्हीबरोबर एचडी पॅकचे पैसेही धरा. फोरके खरं दिसतं ते ॲपवर, आणि तिथे इंटरनेट लागतं. नेटफ्लिक्स फोरकेसाठी १५ एमबीपीएस सांगतं, फुल एचडीसाठी ५. राउटर आतल्या खोलीत असेल तर टीव्ही ५ गिगाहर्ट्झचं वायफाय पकडतो का ते विचारून घ्या.

सॉफ्टवेअरमध्ये दोन्हीकडे अनुभव उलटे आले. माझा गुगल टीव्हीवर चालतो, हवी ती सगळी ॲप्स, पण रॅम दीड जीबी. पहिले सहा महिने पळाला, मग बटण दाबून चहा ठेवून यावा अशी गत. नको ती ॲप्स काढली, तरी तेच. शेवटी साडेतीन हजारांची स्टिक एचडीएमआयला लावली आणि टीव्ही तरुण झाला. आईबाबांच्या टीव्हीत कंपनीची स्वतःची प्रणाली आहे, जसं सॅमसंगचं टायझेन किंवा एलजीचं वेबओएस. ॲप्स मोजकीच, पण त्यांना तेवढीच लागतात आणि बाबा चुकून नको तिथे जाऊन अडकत नाहीत. तेव्हा टीव्ही हळू आहे म्हणून चांगलं पॅनल नाकारू नका, आणि झटपट आहे म्हणून वाईट पॅनल घेऊ नका. रॅम दोन जीबी मिळत असेल तर बरंच.

आवाज दोन्हीकडे सारखाच बेताचा. २० वॅट लिहिलेलं असतं, पण स्पीकर खाली तोंड करून बसवलेले. बाबांना संवाद नीट ऐकू येईनात, आवाज ३५ वर आणि खालच्या मजल्यावरच्या काकूंना मालिकेचं कथानक पाठ. पाच हजारांचा साउंडबार आणला, टीव्हीचा आवाज बाहेर पाठवणाऱ्या, एचडीएमआय एआरसी लिहिलेल्या खाचेत वायर घातली, आता एकाच रिमोटवर दोन्ही चालतात. एआरसीची खाच कोणती ते बघून वायर घाला. आम्ही पहिला अर्धा तास चुकीच्या खाचेशी भांडत होतो.

सर्व्हिस हा भाग लिहिताना अजून चिडचिड होते. नवव्या महिन्यात माझ्या पडद्याच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात सावली आली, बशीएवढी. क्रिकेट लावलं की त्या कोपऱ्यात कायम ढग. टोल फ्री नंबर, तक्रार क्रमांक, मग "आमच्या शहरातला पार्टनर संपर्क करेल." पार्टनर पाच दिवसांनी आला, मागच्या दिव्यांची पट्टी गेलीय म्हणाला, सुटा भाग मागवला. तो यायला तीन आठवडे लागले. वॉरंटी होती म्हणून पैसे लागले नाहीत. ती नसती तर टीव्हीतला सर्वांत महाग भाग पॅनलच, आणि त्यापर्यंत खर्च गेला की नवाच घ्यावासा वाटतो. आईबाबांकडे रिमोट बंद पडला तर दुसऱ्या दिवशी माणूस दारात. पेठेतल्या दुकानदाराने ऑनलाइनपेक्षा दीड हजार जास्त घेतले, ते मला तेव्हा खुपले होते. आता नाही. एक मात्र दोन्हीकडे सारखं: पडदा आदळून फुटला तर वॉरंटी कोणीच देत नाही.

ऑनलाइन घेणारच असाल तर खोका स्वतः फोडू नका, बसवणाऱ्या माणसासमोर फोडा आणि मोबाइलवर चित्रीकरण करा. नो कॉस्ट ईएमआयमध्ये व्याजाइतकी सूट विक्रेता देतो, पण त्या व्याजावरचा जीएसटी आणि प्रोसेसिंग फी तुमच्याच माथी. रक्कम छोटी असते, पण "नो कॉस्ट" नसते.

बसवण्याबद्दल पुण्यातल्या नव्या सोसायट्यांत राहणाऱ्यांना खास सांगणं. तुमची भिंत बहुधा एएसी ब्लॉकची आहे, हलकी आणि पोकळट. वाकडला आलेल्या मुलाने नेहमीचे प्लॅस्टिकचे गुल्ले ठोकायला घेतले. ड्रिल लोण्यात जावं तसं आत गेलं, तेव्हा मी थांबवलं. बारा-तेरा किलोचा टीव्ही त्यावर टांगायचा म्हणजे रोज रात्री देवाचं नाव घेऊन झोपणं. ब्लॉकसाठीचे लांब फास्टनर बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून आणले, वॉल माउंट आणि एचडीएमआय वायरही तिथूनच.

विजेचा फार विचार करू नका. ५५ साधारण १२० वॅट, ४३ साधारण ८०. रोज पाच तास धरले तर महिन्याला सहा युनिटचा फरक, म्हणजे साठ-सत्तर रुपये. त्यापेक्षा वळवाच्या पावसात आभाळ गडगडायला लागलं की प्लग काढा, आणि डीटीएचच्या छत्रीची वायरही काढा. लोक प्लग काढतात आणि ती विसरतात.

घरी आल्यावर पहिलं काम: दुकानातला भडक 'व्हिव्हिड' मोड बंद करून 'मूव्ही' किंवा 'सिनेमा' लावा. दोन दिवस पिवळट वाटेल, तिसऱ्या दिवशी जुनाच मोड डोळ्यात टोचेल. 'मोशन' नावाचं जे काही सापडेल ते सिनेमासाठी बंद, मॅचसाठी हवं तर चालू. पडदा पुसायला कोरडं मऊ फडकं. काचेवर मारायचा फवारा लांब ठेवा.

माझ्यापुरतं विचाराल तर पुन्हा संधी मिळाली तर मी वाकडलाही ४३ किंवा फार तर ५० घेईन, नावाजलेल्या कंपनीचा, आणि उरलेल्या पैशांत साउंडबार. बायको असहमत आहे. मॅचच्या दिवशी आठ माणसं हॉलमध्ये असतात तेव्हा मीही असहमत असतो.

दुकानात जाताना मेजपट्टी घ्या आणि एक पेन ड्राइव्ह. त्यात स्वतःच्या मोबाइलवर रात्री काढलेला, कमी उजेडातला एखादा व्हिडिओ टाका, कारण दुकानात पोपट आणि फळंच फिरत असतात आणि ती कुठल्याही टीव्हीवर सुंदर दिसतात. आमच्या दुकानदाराने जरा कुरकुर केली, मग लावला. गणपतीतला, रात्री काढलेला व्हिडिओ होता. मी समोर उभा राहून काळा किती काळा ते बघत होतो. आईने दुकानातलं एक स्टूल ओढलं, टीव्हीच्या पार कडेला नेऊन ठेवलं, बसली आणि म्हणाली, "मला इथून दाखवा."