बंबांचे जुने फोटो स्कॅनिंगला दिले आणि फसवले गेलो

माझे काका पुण्याच्या अग्निशमन दलात बंबावर चालक होते. फोटोग्राफीचा त्यांना भारी नाद. १४ एप्रिलच्या अग्निशमन सेवा दिनाचं संचलन, खंडेनवमीला झेंडूच्या माळा घालून उभे केलेले बंब, असं बरंच काही त्यांनी टिपलं. निगेटिव्ह आणि प्रिंट काकूंनी आजवर जिवापाड जपल्या.

त्या आम्ही पेठेतल्या एका दुकानात दिल्या. ठरलं ते असं: स्कॅन निगेटिव्हवरून, ४००० डीपीआयला (म्हणजे इंचाला ४००० ठिपके), प्रत्येक फोटोचं कलर करेक्शन हाताने, फाइल टिफमध्ये, म्हणजे तपशील न गमावणाऱ्या प्रकारात. फ्रेममागे ऐंशी रुपये, निम्मे आगाऊ. ‘रंग जुळवायला लागतील’ म्हणून दुकानदाराने प्रिंटही ठेवून घेतल्या. खरी मेख तिथेच होती.

पेन ड्राइव्ह मिळाला तेव्हा फाइलचे आकडे चोख होते. ३५ एमएमची फ्रेम ३६ बाय २४ मिलिमीटरची. ४००० डीपीआयला साधारण ५६०० बाय ३७०० पिक्सेल व्हायला हवेत, तेवढे होते. पण आकडा नंतर फुगवता येतो, तपशील नाही. फोटो मोठा केला तर आभाळभर मधाच्या पोळ्यासारखी जाळी. ती जुन्या सिल्क फिनिश, म्हणजे उठावदार पोताच्या फोटो कागदाची. निगेटिव्हमध्ये ती असूच शकत नाही. एका बंबाच्या दारावरून तिरपी रेघ गेली होती, तीही प्रिंटला पडलेली घडी. निगेटिव्ह उजेडात धरली तर डाव्या कडेला होजची गुंडाळी घेतलेला जवान दिसतो. प्रिंट काढताना लॅबने तो कापला होता आणि या ‘निगेटिव्ह स्कॅन’मध्येही तो नव्हता! सरळ प्रिंट स्कॅन करून सॉफ्टवेअरने मोठ्या केल्या होत्या. दारावरच्या मराठी अक्षरांच्या जागी तर त्या सॉफ्टवेअरने मनाने वेलांट्या-गाठी काढून ठेवल्या होत्या.

रंगांची वेगळीच कथा. जुन्या रंगीत प्रिंटमधला निळसर-हिरवा रंग आधी उडतो आणि सगळा फोटो तांबूस दिसू लागतो. त्यात बंब मुळातच लाल. ऑटो करेक्शनला वाटतं लाल जास्त झाला, ते तो काढून टाकतं. बंब विटकरी होतो आणि जवानांचे पांढरे पट्टे निळसर. आमच्या सगळ्या फोटोंत हेच झालं होतं. हाताने काम करणारा माणूस आधी क्रोमचा बंपर, पांढरी अक्षरं, डांबरी रस्ता बघतो, ते जागेवर आणतो आणि मग लालला हात लावतो. तुम्हीही फोटो ताब्यात घेताना बंपर बघा. तो पिवळा किंवा निळा दिसला तर बहुधा हाताने काहीही केलेलं नाही.

जाब विचारला तर म्हणाला, “ताई, फोटोच जुने आहेत हो, यापेक्षा जास्त काही निघत नाही.” मी त्याच्याच लाइट बॉक्सवर (खालून उजेड देणाऱ्या काचेवर) निगेटिव्हची पट्टी ठेवून तो जवान दाखवला. तेव्हा म्हणे निगेटिव्हचं मशीन बंद होतं! मग पैसे कशाचे घेतले?

आणि याहून वाईट म्हणजे निगेटिव्हच्या दोन पट्ट्या परत आल्याच नाहीत. त्याची पावती साध्या कागदावर, त्यात पट्ट्यांचा उल्लेखच नाही. सुदैवाने देण्याआधी मी सगळ्या पट्ट्यांचे मोबाइलवर फोटो काढले होते. तुम्हीही काढाच आणि पट्ट्यांची संख्या पावतीवर लिहून घ्या. आधी एकच फ्रेम करून मागा, तीही अशी की जिची कड प्रिंटमध्ये कापली गेली आहे. निगेटिव्हवरून काम ठरलं असेल तर प्रिंट दुकानात ठेवूच नका.

यूपीआयची नोंद, ‘निगेटिव्हवरून, ४००० डीपीआय’ हा त्याचा व्हॉट्सॲप मेसेज आणि पट्ट्यांचे फोटो घेऊन १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली आहे. पैशांचं नंतर बघू, आधी पट्ट्या परत पाहिजेत, असं काकूंनी त्यात मुद्दाम लिहायला लावलं.