कव्हर आठचं, पोटात दोन पॉइंट एक

३२,८६५ रुपये, नकली पुस्तकांत गेलेले. आधी आकडाच सांगतो, कारण घरी तो अजून पूर्ण सांगितलेला नाही.

आमची पुण्यातली छोटी कंपनी, साखर कारखान्यांसाठी ऊसनोंद आणि वजनकाट्याचं सॉफ्टवेअर करते. सगळं २०१२ पासूनचं, वेब फॉर्म्समधलं, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेट या सॉफ्टवेअर-साधनातली वेब पानं बनवायची जुनी पद्धत. डॉटनेट फ्रेमवर्क ४.८ च्या पुढे काही मोठं येणार नाही हे माहीत असूनही चालढकल केली आणि जून २०२४ मध्ये एकदाचं ठरलं, नव्या डॉटनेट ८ वर जायचं. वेब फॉर्म्स तिकडे नाहीतच, त्यामुळे नुसतं कन्व्हर्ट करून भागणार नव्हतं. बारा वर्षं व्ह्यूस्टेट, पोस्टबॅक अशा वेब फॉर्म्सच्याच सवयींवर पोसलेल्या चौदा जणांना नव्याने शिकवायचं होतं, तेही गाळप हंगामाच्या आत.

"डॉक्युमेंटेशन फुकट असताना पुस्तकं कशाला?" असं आता जो तो विचारतो. ती तुकड्यातुकड्यांची माहिती, ज्याला निम्मं आधीच येतं त्याला पुरते. ज्याचं जग वेब डॉट कॉन्फिग या जुन्या सेटिंग फाइलपाशी संपतं, त्याला पहिल्या पानापासून बोट धरून नेणारं पुस्तकच लागतं. यावर मी आजही ठाम आहे. निवडही चुकली नव्हती. तीन रात्री जागून प्रकाशकांच्या अनुक्रमणिका ताडल्या आणि सी शार्प (भाषा), एएसपी डॉटनेट कोअर (वेबसाठी), एंटिटी फ्रेमवर्क कोअर (डेटाबेससाठी) अशी तीन पुस्तकं काढली. अप्पा बळवंत चौकातले पुस्तकवाले "मागवून देतो" म्हणाले, पण एकेक प्रत चार हजारांच्या घरात. माझं बजेट पस्तीस हजार.

मग ओळखीच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर "इंडियन रिप्रिंट" वाला एक नंबर आला. भारतापुरत्या स्वस्त आवृत्त्या खरंच निघतात, म्हणून विश्वास बसला. तीन पुस्तकांचा सेट २,१५०. चौदा सेट ३०,१००. वर पाच टक्के जीएसटी १,५०५. आधी १५,००० पाठवले. माल निघताना उरलेले १६,६०५ आणि "कुरिअर-इन्शुरन्स" १,२६०. बाकी प्रकार नेहमीचाच: गोड आवाज, "सर सर", शेवटचे चौदाच सेट शिल्लक.

आता जिथे माझे डोळे फुटले होते ती जागा. पैसे देण्याआधी मी फोटो मागितले, इतका काही बावळट नाही. मागच्या कव्हरवरचा आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, तपासला, तो अस्सल नव्या आवृत्तीचाच निघाला. त्याने अनुक्रमणिकेचाही फोटो पाठवला. टपरीवर एका हातात चहा धरून मी तो मोठा करून पाहिला. तिसरं प्रकरण: स्टार्टअप क्लास. डॉटनेट ६ पासून नव्या प्रोजेक्टमध्ये ती स्टार्टअप फाइल येतच नाही, सगळं प्रोग्रॅम डॉट सीएस या एकाच फाइलमध्ये असतं. म्हणजे पुस्तक जुनं. मला हे माहीत होतं! त्याच आठवड्यात टीमला मीच सांगितलं होतं. तरी अंगठ्याने फोटो पुढे सरकवला आणि "ओके, डन" लिहिलं.

आठवड्याने खोकी आली. तिसऱ्या दिवशी टीममधली सगळ्यात ज्युनिअर मुलगी पुस्तक घेऊन टेबलाशी आली. "सर, यात स्टार्टअप उघडा म्हणतायत, माझ्या प्रोजेक्टमध्ये तर ती नाहीचे." पुस्तक हातात घेतलं तर पानं करडी, कोडच्या ओळी कडेला अर्धवट कापलेल्या. टायटलच्या मागचं पान, जिथे सालं आणि आवृत्ती छापतात, तेच बाइंडिंगमध्ये चिकटवून टाकलेलं. प्रस्तावनेत मात्र आवृत्तीचा आकडा पुसायचा राहून गेला होता: एएसपी डॉटनेट कोअर २.१. म्हणजे २०१८ चं, ज्याचा सपोर्ट ऑगस्ट २०२१ मध्येच संपला. झेरॉक्स काढून नवं कव्हर चढवलेलं.

वरून अकाउंट्सच्या मॅडमनी बिल बघताक्षणी विचारलं, "छापील पुस्तकांवर जीएसटी कधीपासून?" शून्य असतो. बिलावरचा जीएसटी नंबर त्यांनी पोर्टलवर टाकला, तर तो भलत्याच व्यापाऱ्याचा. दोन मिनिटांचं काम होतं. मी केलं नाही.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, तक्रार क्रमांक मिळाला. तो घेऊन पोलीस चौकीत गेलो. "पुस्तकं मिळाली ना? मग फसवणूक कसली?" मी आवृत्ती म्हणजे काय ते समजावतोय आणि साहेब पुस्तक उलटंपालटं करून म्हणतात, "कव्हरवर तर आठच लिहिलंय." कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ मध्ये याला सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आहे, असं सांगितल्यावर उत्तर आलं, "मग नकली माल तुमच्याकडे कसा?" चोर सोडून संन्याशाला फाशी! दुसऱ्या खेपेला ते साहेब रजेवर, तिसऱ्या खेपेला अर्जच सापडेना. बँकेचं एकच पालुपद: पैसे पाठवताना पिन तुम्हीच टाकलात. ग्राहक मंचात जा, असंही एकाने सुचवलं, पण नोटीस कुठल्या पत्त्यावर पाठवू? कुरिअरच्या पावतीवर पाठवणाऱ्याचा पत्ता म्हणून फक्त मोबाइल नंबर होता, आणि तो बंद.

तर, टायटलच्या मागच्या पानाचा फोटो मागा. मागचं कव्हर कुणीही छापतं. चौदा प्रती घ्यायच्या असतील तर आधी एक घ्या आणि तिसऱ्या प्रकरणापर्यंत कोड चालवून बघा. पुस्तकावर जीएसटी लावणाऱ्याला तिथेच नमस्कार करा. आणि महाग वाटलं तरी, जिथे जाऊन भांडता येईल अशा दुकानातूनच घ्या.

पैसे कंपनीकडून उचल घेऊन दिले होते. बिल बोगस निघाल्यावर कंपनीच्या साहेबांनी हात वर केले. आता पगारातून १०,९५५ चे तीन हप्ते कापतायत. दोन झाले.