ऑपरेशन उत्तम, पण आहाराचा कागद सगळ्यांना एकच

चार स्टार देतेय. पाचवा का नाही, ते सांगते.

हॉस्पिटल नाशिकमधलंच, नाव टाळते. माझं वजन कमी करायचं स्लीव्ह ऑपरेशन झालं, म्हणजे जठराचा ७५ ते ८० टक्के भाग काढला. सर्जन शांतपणे समजावून सांगणारे, टाके स्वच्छ, सिस्टर मायाळू. विम्याच्या टेबलावरचा मुलगा तर हुशारच! पॉलिसीला बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, ४० तरी लागतो, किंवा ३५ आणि सोबत गंभीर आजार. माझा ३८ होता, पण झोपेत श्वास अडकायचा त्रास जोरात. स्लीप स्टडीचा रिपोर्ट फाइलमध्ये वर लावायला त्यानेच सांगितलं.

खरी गंमत फॉलो-अपच्या बाकावर. तिथे आम्ही तिघं नेहमी भेटायचो. कॉलेज रोडचा विशीतला पोरगा, मी पंचेचाळिशीची, आणि नाशिकरोडच्या नोटप्रेसमधून रिटायर झालेले काका. पोराच्या शुगरच्या गोळ्या बंद झाल्या, काकांच्या नुसत्या कमी झाल्या. सर्जन म्हणाले, मधुमेह जितका जुना, तितका तो हटायला कठीण. २०१९ मध्ये अमेरिकेत एक अभ्यास छापून आला होता, जठराच्या बायपासवरचा, म्हणजे वजन घटवायच्या दुसऱ्या एका ऑपरेशनवरचा. पाच वर्षांनी वजनातली घट किशोरांत २६ टक्के, मोठ्यांत २९. म्हणजे जवळपास सारखीच. मधुमेह मात्र किशोरांत ८६ टक्के जणांचा गेला, मोठ्यांत ५३. पण लोहाची कमतरता किशोरांतच जास्त. आमचा पोरगाही लोहाच्या गोळ्या विसरतो आणि मिसळ-पाव विसरत नाही.

काकांचे गुडघे हलके झाले, पण मांड्या वाळल्या. खुर्चीतून उठताना हात टेकावे लागतात. या वयात वजनाबरोबर स्नायूही जातात, म्हणून प्रोटीन आणि व्यायाम दोन्हींवर जास्त लक्ष हवं. आणि कागदावर काय? तिघांनाही तेच: उकडलेली अंडी, चिकन सूप, प्रोटीन पावडर. काका माळकरी हो! त्यांना पनीर, मुगाचं धिरडं, दही सांगितलं ते मी, बाकावर बसून. फिजिओथेरपीचं नावही कोणी काढलं नव्हतं.

मी तक्रार केल्यावर काकांना आहारतज्ज्ञ बाईंनी वेगळा वेळ दिला, आणि छान दिला. तेव्हा घरातल्या साठीपुढच्या माणसाला नेणार असाल तर ही भेट रिसेप्शनवर आधीच मागून घ्या. मागितली की देतात, आपणहून सांगत नाहीत. पार्किंग खाली आहे, पण शनिवारी मिळत नाही.