आत्मिक दानांचं शिबिर, सोलापूर : पाचपैकी साडेतीन

‘देवाने दिलेलं दान ओळखा आणि मंडळीत वापरा’ (दान म्हणजे शिकवणं, सेवा, नेतृत्व अशी देवाने दिलेली देणगी, आणि मंडळी म्हणजे चर्चची माणसं) या विषयावर आमच्या चर्चमध्ये मे महिन्यात दोन दिवसांचं शिबिर झालं. टीम बाहेरगावची. फी माणशी २०० रुपये, त्यात चहा, दुपारचं जेवण आणि एक फाइल. शिबिर संपल्या संपल्या सगळेच खूश असतात, म्हणून जरा थांबून लिहितोय. तक्रारी आहेत, तेव्हा चर्चचं आणि टीमचं नाव घालत नाही.

आधी वेळेबद्दल. सोलापूर, मे महिना, वर पत्रे. दुपारी दोन ते चार माणसाला पवित्र शास्त्रातलं सोडा, स्वतःचं नाव विचारलं तरी आठवत नाही. हे डिसेंबरात घ्यायला काय हरकत होती? (नाताळची गडबड, हे उत्तर मिळालं. मग नोव्हेंबर घ्या की.)

शिकवणं मात्र चांगलं होतं. वक्त्यांनी बायबलच्या नव्या करारातल्या दानांच्या याद्या फळ्यावर शेजारी शेजारी लिहिल्या. रोमकरांस पत्राच्या १२व्या अध्यायात सात दानं, करिंथकरांस पहिल्या पत्राच्या १२व्या अध्यायात ८ ते १० या वचनांत नऊ, पुन्हा २८व्या वचनात साहाय्य करणारे आणि व्यवस्था पाहणारे वेगळे. इफिस ४ मध्ये तर माणसंच मोजलीत: प्रेषित, संदेष्टे, सुवार्तिक, पाळक, शिक्षक. आणि १ पेत्र ४ मध्ये सगळं दोन वाक्यांत, कुणी बोलावं, कुणी सेवा करावी. याद्या एकमेकींशी जुळत नाहीत. त्यांनी ओढूनताणून जुळवल्या नाहीत, हे मला आवडलं. करिंथच्या मंडळीत कुणाचं दान मोठं यावरून भांडणं होती, म्हणून हे पत्र लिहिणाऱ्या पौलाला शरीराचं आणि अवयवांचं उदाहरण द्यावं लागलं, हेही नीट सांगितलं. आमच्यात जुनी मिशनची घरं आहेत, तशी फेलोशिपला, म्हणजे नव्या धर्तीच्या प्रार्थनासभांना, जाणारी तरुण पोरंही आहेत. अन्य भाषांचा, म्हणजे आत्म्याच्या प्रेरणेने अनोळखी भाषेत बोलण्याचा, विषय निघाला की आवाज चढतात. वक्त्यांनी करिंथकरांस त्याच पत्राचा १४वा अध्याय उघडला, दोघांनी किंवा फार तर तिघांनी, पाळीपाळीने, आणि अर्थ सांगणारा नसेल तर गप्प बसावं, एवढं वाचून दाखवलं आणि पुढे गेले. दोन्हीकडचे गप्प.

आता तो फॉर्म. शंभराहून जास्त प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, शेवटी बेरीज, आणि ज्या रकान्यात जास्त ते तुमचं दान. ही पद्धत अमेरिकेतल्या चर्चमधून आलेली आहे, १९७० च्या दशकापासून तिकडे चालते. मी युनिफॉर्मच्या कारखान्यात कटिंग मास्तर आहे, त्यामुळे मला हे ३२-३४-३६ च्या रेडिमेड मापांसारखं वाटलं: बऱ्याच जणांना बसतं, पण खांदा उतरलेल्या माणसाचं काय? आमच्या मंडळीतल्या एक अक्का आहेत, घरात तेलुगू, मराठी बोलतात पण वाचता येत नाही. शेजारच्या पोरीने प्रश्न वाचून दाखवले. ‘तुम्हाला आजाऱ्यांबद्दल विशेष कळवळा वाटतो का?’ अक्का म्हणाल्या, “विशेष काय ओ त्यात, शून्य लिही.” ‘लोक तुमच्याकडे सल्ल्यासाठी येतात का?’ “माझ्याकडं कशाला येतील, शून्य.” बेरीज झाली तेव्हा सगळे रकाने कोरडे. सिव्हिलमध्ये मंडळीतलं कुणीही ॲडमिट असू दे, डबा अक्कांचा असतो. आणि ज्या भाऊंनी स्वतःला सगळीकडे तीन-तीन दिले, त्यांना ‘नेतृत्व’ मिळालं. ते तर आम्हाला आधीच माहीत होतं, दर वार्षिक सभेत दिसतं.

हाताच्या कामाचा रकानाच नव्हता. मी हात वर करून विचारलं, बायबलमधल्या निर्गमाच्या ३१व्या अध्यायात बसालेल या कारागिराला देवाच्या आत्म्याने भरलं ते कारागिरीसाठीच ना? ३५व्या अध्यायाच्या शेवटी तर विणकरांचंही नाव आहे. या हॉलमधल्या निम्म्या लोकांचे आजे गिरणीत नाहीतर मागावर होते. सोलापुरात येऊन विणकर सोडून यादी करायची म्हणजे कमालच. वक्त्यांनी वाद घातला नाही, फळ्यावर एक ओळ वाढवली. अर्धा स्टार त्यासाठी.

खरी चीड आली ती जेवणाच्या वेळी. जेवण फर्स्ट क्लास: भाकरी, शेंगाचटणी, वांग्याची भाजी, आमटी, भात. पण ते करायला महिला मंडळाच्या बाया सकाळी सहापासून मागच्या शेडमध्ये. पहिल्या दिवशी साडेदहाला ‘सेवेचं दान’ हे सत्र चालू होतं, आणि सेवा करणाऱ्या बाया तिकडे भाकऱ्या थापत होत्या. त्यांना फाइलसुद्धा मिळाली नाही. २०० रुपयांतले थोडे बाजूला काढून बाहेरून जेवण मागवता आलं असतं.

गाणी पडद्यावर, बहुतेक हिंदी. ना. वा. टिळकांची दोन तरी घ्यायची होती. १८९५ साली बाप्तिस्मा घेण्याच्या आधीपासून तो माणूस कवी होताच, मग तेच कवित्व अभंगांतून आणि भजनांतून मंडळीच्या कामी आलं. विषयाला इतकं चपखल उदाहरण घरचंच असताना कुणी काढलं नाही.

तरी साडेतीन स्टार का, तर दुसऱ्या दिवशीच्या दुपारच्या सत्रासाठी. फॉर्म बाजूला ठेवला. सहा-सहाचे गट केले. प्रत्येकाने स्वतःबद्दल गप्प बसायचं आणि बाकीच्यांनी सांगायचं, हिच्यामुळे किंवा ह्याच्यामुळे मला कधी आधार मिळाला. पहिली दहा मिनिटं नुसतं हसणं. मग एकजण बोलला, आणि अक्कांच्या गटात तर घंटा वाजली तरी कुणी उठेना. आमच्या गटात आयटीआय झालेला एक मुलगा होता, उपासनेला मागच्या बाकावर बसणारा. त्याच्याबद्दल एका मावशी म्हणाल्या, “माझे सासरे अंथरुणावर होते तेव्हा हा लाइट दुरुस्त करायला आला आणि दोन तास त्यांच्याजवळ बसून गेला.” हे कुणालाच माहीत नव्हतं. त्यालाही लक्षात नव्हतं बहुतेक, कान लाल झाले. पाळकसाहेबांनी लगेच त्याला आजाऱ्यांच्या भेटीच्या गटात घेतलं. आता तो शनिवारी एका लकवा झालेल्या गिरणी कामगार आजोबांकडे जातो. प्रार्थना मोठ्याने करायला लाजतो, म्हणून ती पाळकसाहेब करतात. हा आधी कोमट पाण्याने आजोबांचे गाल भिजवतो, ताठ झालेल्या बाजूची कातडी बोटाने ताणून धरतो आणि दाढी करून देतो.

बाकीचा पाठपुरावा मात्र ढिला. आमच्या सगळ्यांचे निकाल टीमने एका तक्त्यात करून पंचकमिटीला, म्हणजे चर्चचा कारभार पाहणाऱ्यांना, दिले. तो तक्ता ऑफिसच्या कपाटात आहे. संडे स्कूलला शिक्षक अजून तेवढेच.

कुणाला ही टीम बोलवायची असेल तर जरूर बोलवा. फॉर्म आठवडाभर आधी घरी द्यायला सांगा, आणि वाचता न येणाऱ्यांचा फॉर्म त्यांना ओळखणाऱ्या माणसाकडून भरून घ्या. गटाचं सत्र पहिल्याच दिवशी सकाळी ठेवा, डोकी थंड असताना. स्वयंपाक बाहेर द्या. आणि चष्मा न्या, फॉर्मची अक्षरं फार बारीक आहेत.