पेठेतलं घर आवरलं: सामान काढण्याचे कोणते मार्ग कामाचे ठरले

आईबाबांना सदाशिव पेठेतल्या भरल्या घरातून कोथरूडच्या वन बीएचकेत आणलं, त्याला आता काही महिने झाले. निम्म्याहून जास्त सामान काढावं लागलं. माझं मत आधीच सांगते: भाव बघून मार्ग निवडू नका, वस्तू पुढे कोणाच्या हातात जाणार ते बघा.

सगळ्यात जास्त समाधान जुनी भांडी मोडीत देऊन मिळालं. बंब, घंगाळ, हंडे, कळशा पेठेतल्याच भांड्यांच्या दुकानात नेल्या. वजन डोळ्यांसमोर होतं. तांबं, पितळ, कासं मात्र घरीच वेगळं करून न्या. एकत्र ढीग टाकलात तर सगळंच पितळेच्या भावात जायची भीती, आणि तांबं-कासं दोन्ही पितळेपेक्षा महाग. लोखंडी कडीचं वजन कापतात, ते रास्तच आहे. नाव घातलेली भांडीही तशीच तागडीत जातात. आईने आजीच्या नावाचा तांब्या ऐनवेळी परत पिशवीत टाकला. बरं केलं.

कपड्यांना बोहारणीसारखा मार्ग नाही. दारात येते, त्याच दिवशी गठ्ठा हलतो. बदल्यात मिळालेलं स्टीलचं पातेलं घरात ठेवायला जागा नाही, हा भाग वेगळा! पण जुन्या शालू-पैठण्या तिच्या गठ्ठ्यात घालू नका. खरी जर म्हणजे चांदीची तार. ती विकत घेणारे वेगळे असतात.

फोनवरची विक्री फक्त मोठ्या लाकडी सामानासाठी. शिसवी कपाट लगेच गेलं, बाकी सगळ्याला 'लास्ट प्राइस?' एवढंच. एकाने 'पैसे पाठवतो, क्यूआर स्कॅन करून पिन टाका' म्हटलं. पैसे घ्यायला पिन लागत नाही, हे घरातल्या ज्येष्ठांना बजावून ठेवा.

डबा टीव्ही भंगारवाल्याला देऊ नये असं माझं ठाम मत. तो तांब्याची कॉइल काढून घेतो, आणि शिसं असलेली काच कुठेतरी फेकली जाते. आम्ही तो 'स्वच्छ'च्या संकलन मोहिमेत दिला. ही कचरावेचकांची सहकारी संस्था जुनं फर्निचर, कपडे, ई-कचरा घेते. पैशांची अपेक्षा ठेवू नका, आणि मोहिमेची तारीख आधी विचारून घ्या.

कापसाच्या गाद्या कोणालाच नको होत्या. शेवटी दोन पिंजून नव्या करून घेतल्या. आईची पाठ त्यावर खूश आहे.

पुस्तकांतली चांगली ओळखीच्यांत वाटली गेली. दिवाळी अंक मात्र वाचनालयही घेत नाही, रद्दीत द्यायला बाबा तयार नाहीत. 'चाळून देतो' म्हणतात. रोज दुपारी चाळतात, आणि परत त्याच खोक्यात ठेवतात.