हार्ड डिस्क कॅबिनेटमध्ये कशी बसवावी: थेट स्क्रू, ट्रे की रबर?

डेस्कटॉपमध्ये जास्तीची हार्ड डिस्क घालायची म्हटलं की चर्चा किती टीबी आणि कुठली कंपनी यावरच होते. ती कॅबिनेटमध्ये कशाच्या आधारावर बसणार हे दुकानातही फारसं कोणी विचारत नाही. माझ्या मते हा प्रश्न आधी यायला हवा. ७२०० आरपीएमची डिस्क सेकंदाला १२० फेरे मारते आणि ३.५ इंची डिस्कचं वजन बऱ्याचदा अर्ध्या किलोच्या आसपास किंवा पुढे असतं. ती सैल राहिली तर त्रास तिलाच होतो.

जुना मार्ग म्हणजे पत्र्याचा केज (डिस्क ठेवायचा खणांचा सांगाडा) आणि दोन्ही बाजूंनी थेट स्क्रू. यात घोळ स्क्रूंचाच होतो. ३.५ इंची डिस्कला ६-३२ आट्यांचे जाड स्क्रू लागतात, २.५ इंची एसएसडीला (फिरत्या तबकडीऐवजी चिपवर डेटा ठेवणारी डिस्क) एम३ मापाचे बारीक, आणि कॅबिनेटसोबतच्या पुडीत दोन्ही एकत्र असतात. एम३ स्क्रू हार्ड डिस्कच्या भोकात आरामात जातो, पण पकडत नाही, नुसता फिरत राहतो. उलट जाड स्क्रू एसएसडीत जबरदस्तीने पिळला की तिचे आटे गेलेच. म्हणून स्क्रू आधी बोटांनी फिरवून पाहा. सहज धरला तरच स्क्रूड्रायव्हर लावा. पत्र्याची जाडी सोडून आत तीन मिलिमीटर गेला तरी पुरतं, लांब स्क्रू वापरू नका. दोन लावून दोन सोडायची सवय वाईट, चारही लावा. पकडीच्या बाबतीत याला तोड नाही. तोटा आवाजाचा: डिस्कचा कंप पत्र्यात उतरतो आणि रात्री शांत खोलीत घरघर ऐकू येते.

आजकाल बऱ्याच कॅबिनेटमध्ये प्लास्टिकचे ट्रे असतात, बाजूच्या खुंट्या डिस्कच्या भोकात बसतात, चांगल्या ट्रेला रबरी बुशही असतात. आवाज कमी होतो, डिस्क काढणं-घालणं मिनिटाचं काम. घेण्याआधी दोन गोष्टी तपासा. मोठ्या क्षमतेच्या अनेक डिस्कना खालची मधली भोकं नसतात, त्यामुळे खालून स्क्रू लावायच्या ट्रेत त्या नीट बसत नाहीत. शिवाय ट्रे सरकवून झाल्यावर हाताने हलवून पाहा. खडखडला तर तो ट्रे निरुपयोगी समजा.

इलॅस्टिकने टांगणं किंवा स्पंजवर नुसती ठेवणं हा शांततेच्या मागे लागलेल्यांचा उपाय. मी तो कोणालाच सुचवणार नाही. आतला हेडचा (डेटा वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या टोकाचा) दांडा झटक्याने फिरला की सगळी डिस्क उलट दिशेला हलते आणि हेडला पुन्हा जागा शोधावी लागते. त्यात स्पंज खालून उष्णता कोंडतो.

डिस्क आडवी असो वा उभी, दोन्ही चालतं. तिरकी मात्र ठेवू नका.

एसएसडीचं गणित वेगळं. आत फिरणारं काहीच नाही, त्यामुळे मदरबोर्डच्या मागच्या पत्र्यावर दोन स्क्रूंनी किंवा वेल्क्रोनेही भागतं. जपायचं ते साटाच्या (डिस्क जोडायच्या केबलच्या) ‘एल’ आकाराच्या कनेक्टरला. मागचं झाकण लावताना केबल दाबली जाऊन कनेक्टरचं प्लास्टिक तुटू शकतं. एम.२ म्हणजे थेट मदरबोर्डवर बसणारी पट्टीसारखी एसएसडी; तिची २२८० मापाची पट्टी ८० मिलिमीटर लांब असते. बोर्डवरचा छोटा स्टँडऑफ (पट्टीचा स्क्रू ज्यात बसतो तो खुंट) त्याच मापाच्या भोकात आहे ना पाहा आणि स्क्रू हलक्या हाताने बसवा.

आता निवड. एकच डिस्क आणि कॅबिनेट झोपायच्या खोलीत असेल तर रबरी बुशचा घट्ट ट्रे घ्या. दोन-तीन डिस्क असतील तर पत्र्याचा केज, समोर पंखा, आणि जागा असेल तर दोन डिस्कमध्ये एक खण मोकळा. घर वारंवार बदलावं लागत असेल तर एसएसडीच बरी. हार्ड डिस्क हवीच असेल तर ती टेम्पोत कॅबिनेटसोबत पाठवू नका, काढून, गुंडाळून स्वतःजवळ ठेवा.

वीजजोडणीबद्दल एवढंच: दुसऱ्या एसएमपीएसची (कॅबिनेटमधल्या वीजपुरवठ्याच्या डब्याची) मॉड्युलर, म्हणजे सुटी काढता येणारी केबल बसली म्हणून वापरू नका. आतली जोडणी वेगळी असू शकते आणि डिस्क क्षणात जळते. सगळं बसल्यावर एखादी मोठी फाइल कॉपी करत क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्राममध्ये डिस्कचं तापमान पाहा. हार्ड डिस्क पन्नास अंश सेल्सिअसच्या वर जात असेल तर तिचा खण बदला किंवा पंख्यासमोर आणा.